अंगणापुरता चाफा

घराभोवतीं चार हात जागा मिळाली कीं तिच्यांत आधीं तुळस, मग जास्वंद आणि त्यानंतर चाफा असावा, अशी इच्छा आपल्याकडील बहुतेक घरांतून बोलून दाखविली जाते. तुळस व जास्वंद लगेच लागतात. चाफ्याचा विषय मात्र वडील मंडळींपर्यंत गेला कीं तेथेंच थांबतो. "केवढें मोठें झाड तें! भिंतीशीं लावलेंत तर पुढें भिंत राहावयाची नाहीं, आणि फूल काढावयास शिडी लागेल," असें कोणी तरी म्हणतें व त्या जागीं कर्दळ येते. वडील मंडळींचें म्हणणें खोटें नाहीं. त्यांनीं जो चाफा पाहिलेला असतो तो बियांपासून वाढलेला, वाड्याच्या परसांत विहिरीजवळ उभा असलेला, माडीच्या कौलांवर फुलें टाकणारा असतो. अरण्यांत तर हाच वृक्ष शंभर फुटांच्याहि वर जातो. परंतु त्याच झाडाला सात-आठ फुटांत ठेवून, लावल्यापासून वर्षा-दोन वर्षांत त्याचीं फुलें देव्हाऱ्यांत आणतां येतात, ही गोष्ट आतां कोंकणांतील व देशावरील बागवानांच्या रोजच्या व्यवहारांतली झाली आहे. ती कशी साधते, आणि कोल्हापुरासारख्या गांवीं ती कोठें फसते, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

चाफा म्हणजे नेमकें कोणतें झाड, हें आधीं ठरविलें पाहिजे. आपल्या लोकांनीं हें नांव फार सढळ हातानें वांटलें आहे. देवळांच्या आवारांत दिसणारा, फांदी मोडतांच चीक गाळणारा खुरचाफा अमेरिका खंडांतून आलेला असून तो कण्हेरीचा भाऊबंद आहे. नागचाफ्याचें कूळ निराळें, आणि भुईचाफा तर हळदीच्या घराण्यांतला कंद आहे. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळांतला; तो मात्र खऱ्या चाफ्याचा दूरचा चुलत भाऊ लागतो. खरा चाफा म्हणजे सोनचाफा. त्याच्याच जवळचा, सोनचाफा व दुसरी एक जात यांच्या संकरानें झालेला पांढरा चाफा. यास बीं धरत नाहीं, म्हणून तो पिढ्यान् पिढ्या कलमानेंच चालत आला आहे. कवठासारख्या वासाचा कवठी चाफाहि याच घराण्यांतला. मात्र विक्रेते हें नांव एकाहून अधिक झाडांना लावतात, म्हणून तो घेतांना फूल पाहून घ्यावा.

लिनियसनें १७५३ सालीं सोनचाफ्यास 'मिकेलिया चंपका' असें नांव दिलें. पहिला शब्द फ्लॉरेन्स येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली याच्या सन्मानार्थ आहे. दुसरा सरळ आपला 'चंपक' आहे. पुढें शास्त्रज्ञांनीं मिकेलियाचा वेगळा संसार मोडून त्यांतील झाडें मॅग्नोलियाच्या एकत्र कुटुंबांत घातलीं, आणि आतां सोनचाफा 'मॅग्नोलिया चंपका' झाला. मॅग्नोलिया हें नांव प्येर मान्योल (१६३८–१७१५) या फ्रान्समधील मॉन्पेलिए येथील पंडितावरून आलें आहे. तेव्हां रोपवाटिकेंत 'मॅग्नोलिया' अशी पाटी पाहून खिसा मोकळा करणाऱ्या गृहस्थानें हें ध्यानांत ठेवावें कीं आपल्या आजीच्या अंबाड्यांतला चाफा हाहि मॅग्नोलियाच होता.

त्या पाटीखालीं बहुधा जें रोप असतें तें अमेरिकेच्या दक्षिण भागांतील मोठ्या पांढऱ्या फुलांच्या वृक्षाचें. हिंदींत त्यास हिमचंपा म्हणतात. मूळ वृक्ष साठ-सत्तर फूट उंच जातो, आणि तिकडेहि लहान अंगणाची अडचण उभी राहिलीच. १९५२ सालीं उत्तर कॅरोलिनांतील एका रोपवाटिकेंत त्याचें 'लिटल जेम' नांवाचें आटोपशीर वाण निवडण्यांत आलें. तें लहान वयांतच फुलूं लागतें व वीस फुटांच्या आसपास थांबतें. पानाची पाठ तपकिरी मखमलीसारखी असते आणि फूल वाटीएवढें येतें. हें झाड लावूं नये असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु एका हौशीपुरतीच जागा असेल तर ती सोनचाफ्यास द्यावी, असें माझें स्पष्ट मत आहे. हिमचंप्याचें एखादें फूल पाहुण्यांना दाखवावयाचें असतें. सोनचाफ्याचीं फुलें रोज ओंजळींत घ्यावयाचीं असतात.

संस्कृत कवींचा एक संकेत आहे कीं भुंगा चंपकाकडे फिरकत नाहीं. रूप आहे, रंग आहे, सुवास आहे, तरी भ्रमर दूर राहतो, असें म्हणून त्यांनीं चंपकाची पुष्कळ कीव केली. हा नुसता कल्पनाविलास म्हणून सोडून द्यावयाचा, तर शास्त्र त्यास थोडासा आधार देतें. मॅग्नोलियाचें घराणें फार पुरातन आहे; सुमारें दहा कोटी वर्षांपूर्वींच्या खडकांत तशा फुलांचे व फळांचे ठसे सांपडले आहेत. मधमाश्यांचा सुकाळ होण्याच्या आधींपासून हीं फुलें परागासाठीं भुंगेऱ्यांसारख्या कठीण पंखांच्या किड्यांवर विसंबून आहेत. म्हणून या फुलांत मधाची वाटी भरून ठेवलेली नसते. किडा येतो तो पराग खावयास. फुलाच्या मधला दांडाहि त्यासाठींच टणक. कवींच्या भ्रमरास तेथें फारसें काम नव्हतें हें खरें. एका पुराणकथेंत नारदानें चंपकास शाप दिल्यामुळें तें फूल शंकरास वाहात नाहींत असें सांगितलें आहे. पण कोल्हापूर हें जगदंबेचें क्षेत्र असल्यामुळें येथील चाफ्यास तो शाप बाधत नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. एकच झाड एका ठिकाणीं आठ-दहा वर्षें वाट पाहावयास लावून गगनास जातें आणि दुसऱ्या ठिकाणीं गुडघ्याएवढें असतांनाच फुलतें, याचें कारण काय? पुष्कळांची समजूत अशी कीं कलमी चाफा ही कांहीं वेगळी बुटकी जात आहे. तसें नाहीं. बियांपासून उगवलेल्या झाडास, माणसाच्या मुलाप्रमाणेंच, बाल्यावस्था असते. त्या अवस्थेंत तें फक्त वाढतें. कितीहि खतपाणी घाला, फूल येत नाहीं. तें वय ओलांडल्यावर शेंड्याकडील फांद्या प्रौढ होतात व फुलूं लागतात. हें प्रौढत्व फांदीच्या अंगीं मुरलेलें असतें. ती फांदी कापून दुसऱ्या कोवळ्या रोपाच्या मुळांवर बसविली तरी ती आपलें वय विसरत नाहीं. कलम म्हणजे लहान रोपाच्या पायांवर उभें केलेलें जुनें झाडच होय. फुलण्याची उमर झालेली असल्यामुळें तें फुलूं लागतें, आणि बळ फुलांत व बाजूच्या फांद्यांत वांटलें गेल्यामुळें सरळ सोट वर धांवत नाहीं. उंचीचें उरलेलें काम कात्रीनें करावयाचें असतें.

हें तत्त्व एकदां समजलें म्हणजे त्यांतून निघणारी दुसरी गोष्ट आपोआप लक्षांत येते. ती आपल्यासारख्या, वाड्यांतून वेगळ्या बिऱ्हाडांत पांगत चाललेल्या कुटुंबांच्या फार उपयोगाची आहे, म्हणून थोडी विस्तारानें सांगतों.

२०१६ सालची हकीकत. महाद्वारापासून फार दूर नसलेला एक जुना वाडा पाडून तेथें इमारत उठवावयाची, असें तिघां भावांनीं ठरविलें. थोरल्यांनीं त्याच इमारतींत राहावयाचें, मधल्यांचें घर राजारामपुरींत झालेलेंच होतें, आणि धाकट्यांनीं पंचगंगेच्या अंगच्या एका वसाहतींत बंगली घेतली होती. परसांत सोनचाफ्याचें झाड होतें; तें या भावांच्या आजोबांनीं लावलेलें. इमारतीच्या आराखड्यांत त्या जागीं मोटारी ठेवावयाच्या होत्या. भावांच्या मातोश्री, ज्यांना सारे माई म्हणतात, त्या वेळीं ऐंशीच्या पुढें होत्या. खोल्या, भांडीं, दागिने यांच्या वांटणीविषयीं त्यांनीं चकार शब्द काढला नाहीं. सर्व बोलणें संपल्यावर त्यांनीं एवढेंच विचारलें, "आणि चाफा कुणाच्या वांट्याला?"

तिघांपैकीं कोणाजवळहि उत्तर नव्हतें. थोरल्यांच्या सूनबाई कृषि महाविद्यालयांत शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "माई, चाफा तिघांच्याहि वांट्याला येईल. फक्त एक पावसाळा थांबा."

बांधकाम एक पावसाळा थांबलें. मृगानंतर कोंकणांतून सोनचाफ्याचीं बियांपासून केलेलीं, बोटाएवढ्या खोडाचीं रोपें आणविलीं. जुन्या झाडाच्या फांद्या उंचावर, म्हणून बांबूंचा माच बांधून रोपांच्या पिशव्या त्यावर फांद्यांच्या शेजारीं टांगल्या. रोपाचें खोड व झाडाची तितक्याच जाडीची फांदी, दोहोंची एका बाजूची साल व थोडें लांकूड चांगलें दोन इंच तासून, ओले भाग एकमेकांस लावून पट्टीनें घट्ट बांधले. यास भेटकलम म्हणतात. आंब्याचीं जुनीं कलमें अशींच होत. यांत फांदी आईपासून तुटलेली नसते, म्हणून ती सुकण्याचें भय कमी. शिवाय बारा काड्या कापून, ओल्या फडक्यांत गुंडाळून, कुंडींतील रोपांवर पाचर पद्धतीनेंहि बसविल्या. भेटकलमें आठ केलीं, पैकीं पांच जुळलीं; पाचरीचीं बारांतून चार. अडीच-तीन महिन्यांनीं सांधा पक्का झाल्यावर फांदी सांध्याच्या खालून टप्प्याटप्प्यानें कापली, खुंटाचा शेंडा सांध्याच्या वरून छाटला, आणि दसऱ्यानंतर कलमें माचावरून खालीं उतरविलीं. दिवाळी झाल्यावर झाड पडलें.

पुढच्या उन्हाळ्यांत थोरल्यांच्या बिऱ्हाडांतील कुंडींत पहिलें फूल आलें. कळ्या दिसूं लागल्यापासून माई रोज सकाळीं तेथें जाऊन बसत. सून म्हणून त्या घरांत आल्यापासून साठ वर्षें त्या चाफ्याचीं फुलें देवाला वाहात होत्या; पण तीं नेहमीं कोणी तरी मुलानें वर चढून काढून दिलेलीं असत. स्वतःच्या हातानें झाडावरचें फूल त्यांनीं खुडलें तें त्या दिवशीं प्रथम.

ज्यांच्या वाड्यांत जुना चाफा आहे आणि वाडा जाणार आहे, त्यांनीं झाडावर कुऱ्हाड पडण्यापूर्वीं निदान एक पावसाळा आधीं जाणत्या माळ्यास गांठावें. भेटकलमाचा खटाटोप होत नसेल तर गुटी बांधून पाहावी: पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची इंचभर साल वळ्यासारखी काढून, तेथें मुळें फुटण्याची पूड लावून, ओलें शेवाळ व प्लॅस्टिक गुंडाळावें. चाफ्याची गुटी हटवादी असते. चार बांधाव्या तेव्हां एखादी साधते. झाड पडल्यावर मात्र धांवाधांव करून उपयोग नाहीं. बियांवर भिस्त ठेवणेंहि व्यर्थ. लाल गराचें तें बीं फार दिवस जिवंत राहात नाहीं. ताजें पेरलें तर उगवेल, पण वरील बाल्यावस्थेचा नियम त्यास लागू, आणि निघालेलें झाड आईसारखेंच असेल याचीहि हमी नाहीं.

ज्यांच्या घरीं जुनें झाड नाहीं त्यांनीं अर्थात् विकतच घ्यावें. सिंधुदुर्गाकडून करूळ व फोंडा घाटांनीं कलमें वर येतात. भरघोस फुलणारें 'वेलणकर चाफा' या नांवाचें वाण त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. कलम घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडास सांध्याची गांठ किंवा तिरपा वण दिसला पाहिजे. तो नसेल तर विक्रेता कांहीं म्हणो, तें बियांचें रोप समजावें. सांध्यावरची प्लॅस्टिकची पट्टी काढलेली असावी, नसल्यास घरीं येतांच ब्लेडनें उभी चिरून काढावी, कारण खोड जाड होऊं लागलें कीं तीच पट्टी गळफांस होते. आणि शक्य तर कळी किंवा फूल असलेलेंच कलम उचलावें.

लावण्याच्या बाबतींत कोल्हापूरची गोष्ट कोंकणासारखी नाहीं. चाफ्यास पाणी फार आवडतें, पण पायाशीं उभें राहिलेलें पाणी मुळींच सोसत नाहीं. त्याचीं मुळें जाड, मांसल व ठिसूळ. त्यांना ओल हवी तशी हवाहि हवी. जिल्ह्याच्या पश्चिमेकडे, पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी या बाजूस तांबडी, किंचित आंबट व निचऱ्याची माती आहे. तेथें चाफा आनंदानें वाढतो. राजर्षि शाहू छत्रपतींनीं आपल्या कारकीर्दींत (१८९४–१९२२) पन्हाळ्याच्या बाजूस चहा-कॉफीची लागवड करून पाहिली होती, तीहि अशाच जमिनीच्या भरंवशावर; चहास जी माती मानवते ती चाफ्यासहि मानवते. शहरांत मात्र पुष्कळ ठिकाणीं नदीकांठची काळी, चिकण, चुनखडीचा अंश असलेली माती लागते. पावसांत ती पाणी धरून बसते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यांतील चुन्यामुळें चाफ्यास लोह घेतां येत नाहीं. मग नवीं पानें पिवळीं पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मंडळी हें रोग समजून औषधें फवारीत बसतात. बोअरच्या जड पाण्यानेंहि हीच अवस्था होते.

यावर उपाय फार खर्चाचा नाहीं. काळ्या जमिनींत खोल खड्डा खणून त्यांत चांगली माती भरणें हा उपाय वाटतो तितका शहाणपणाचा नव्हे. चिकण मातींतला तो खड्डा पावसाळ्यांत हौदच बनतो. त्यापेक्षां जमिनीवर दीड-दोन फूट उंचीचा व चार-पांच फूट घेराचा ओटा करावा. तांबडी माती दोन भाग, चांगलें कुजलेलें शेणखत एक भाग, आणि पालापाचोळ्याची कुजकट किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा एक भाग, असें मिश्रण करून त्यांत मूठभर निंबोळी पेंड घालावी. कलम लावतांना सांधा मातीच्या वर निदान चार बोटें राहिला पाहिजे. मुळांभोवतींचा गोळा फुटूं देऊं नये. चाफा एकदां बसल्यावर उठविलेला त्यास खपत नाहीं, म्हणून जागा आधींच नक्की करावी. सकाळचें ऊन भरपूर व पश्चिमेकडून थोडा आडोसा असला तर उत्तम. लावणीस पावसाचा पहिला जोर ओसरल्यानंतरचा काळ बरा. वर पाल्याचें आच्छादन बारा महिने असावें. पानें पिवळीं पडूं लागलींच तर दोन चिमूट हिराकस बादलीभर पाण्यांत विरघळवून महिन्याकाठीं आळ्यांत ओतावें, आणि पावसाचें पाणी सांठविण्याची सोय असेल तर तेंच घालावें.

ओट्याचा आग्रह मी कां धरतों, हें वरील हकीकतीच्या उत्तरार्धावरून समजेल. राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत पाणी ५५ फुटांच्याहि वर गेलें. पहिल्या पुरांत धाकट्या भावांच्या वसाहतींत कित्येक दिवस पाणी उभें होतें. बंगलीच्या भिंती वाळल्या, सामान पुन्हां घेतलें गेलें. पण चाफा, जो तोंपर्यंत चांगला छातीएवढा होऊन फुलत होता, तो पाणी ओसरल्यावर पंधरा दिवसांत पानें टाकून बसला व पुन्हां फुटला नाहीं. जमिनींतील हवा पाण्यानें हुसकून लावली म्हणजे मुळें अक्षरशः गुदमरून कुजतात. एवढ्या पुरापुढें दोन फुटांचा ओटा काय टिकणार, असें कोणी विचारील, आणि तें बरोबर आहे. पण दर वर्षीं येणाऱ्या हातभर पाण्यापासून तो वांचवितो. राजारामपुरींतलें झाड सुखरूप होतें. २०२० च्या पावसाळ्यांत त्याच्यावरून दोन कलमें बांधून एक धाकट्यांकडे गेलें. तें त्यांनीं जमिनींत न लावतां अर्ध्या पिंपांत, चाकांच्या लांकडी पाटावर ठेवलें. पुढच्या वर्षीं पाण्याचा इशारा येतांच पिंप गच्चीवर चढविण्यांत आलें. वांटणी केली म्हणून झाड राहिलें, असेंच म्हणावें लागेल. एकाच ठिकाणीं तीं सारीं असतीं तर तें संपलें असतें.

पिंपांत किंवा कुंडींत चाफा ठेवावयाचा असल्यास कुंडी वीस इंचांहून लहान नको व तळाशीं भोकें मोकळीं हवींत. गच्चीवर उन्हाळ्यांत रोज, कधीं दोन वेळां पाणी लागेल. खालच्या बशींत मात्र तें साचूं देऊं नये. दोन-तीन वर्षांनीं वरची चार बोटें माती काढून नवी घालावी. मुळें छाटण्याच्या भरीस पडूं नये.

छाटणी हें बुटकेपणाचें खरें रहस्य, आणि येथेंच बहुतेकांचा हात आंखडतो. सोनचाफ्याचीं फुलें नव्या फांदीवर पानांच्या बेचक्यांत येतात. नवी फूट जितकी अधिक तितकीं फुलें अधिक. म्हणून झाड चार-साडेचार फुटांचें झालें कीं शेंडा खुडावा. बाजूनें तीन-चार फांद्या निघतील, त्यांचेहि शेंडे पुढें असेच खुडावे. पावसाळ्याचा बहर संपल्यावर वर्षांतून एकदां हलकी छाटणी करून झाड डोक्याच्या उंचीस आणावें. एकदम अर्धें झाड मात्र कापूं नये. जुन्या जाड लांकडावर चाफा आळसानें फुटतो. हिमचंप्याचें उलट आहे: त्याचें फूल फांदीच्या टोंकास येतें, त्यामुळें तेथें शेंडे खुडीत बसलेला मनुष्य स्वतःचींच फुलें खुडीत असतो. त्याची छाटणी बहर संपल्याबरोबर, बेताची करावी.

आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. सांध्याच्या खालून खुंटास फूट येते. ती तजेलदार, सरळ, जोमाची असते. पाहणाऱ्यास वाटतें, झाडानें काय छान अंग धरलें! ही बियांच्या रोपाची फूट होय, आणि ती ठेवली तर दोन वर्षांत वरच्या कलमास उपाशी मारून स्वतः झाड होऊन बसते. मग "आमचा कलमी चाफा पहिल्या वर्षीं फुलला, पुढें नुसताच वाढला" अशी तक्रार ऐकूं येते. ती फूट दिसतांच बोटानें मोडून टाकावी.

किडींचा त्रास फारसा नसतो. पिठ्या ढेकूण व खवले कीड यांना मुंग्या आणतात. साबणाच्या पाण्यानें पुसून, वर निंबोळी तेल फवारलें म्हणजे पुरे. पानांना मोठमोठीं अर्धवर्तुळें पडलीं तर पानाच्या पाठीमागें हिरवी, खांद्याशीं फुगीर अशी एक अळी सांपडेल. काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेलें, क्षणभर एका जागीं न ठरणारें जें फुलपाखरूं कोल्हापुरांतल्या बागांतून भिरभिरतें, त्याची ही अळी. चाफ्याचीं व आसुपालवाचीं पानें तिचें अन्न आहेत. झाड अगदीं लहान असेल तर ती उचलून जवळच्या आसुपालवावर ठेवावी. मोठें असेल तर दहा पानें तिची म्हणून सोडून द्यावीं.

फुलें सकाळीं, ऊन चढण्याआधीं, अर्धवट उमललेलीं काढावींत. पुरतें उमललेलें फूल हात लागतांच डागाळतें व दुपारपर्यंत तपकिरी होतें. देंठ नखानें तोडावा. ओढून काढल्यास बेचक्यांतील पुढची कळीहि येते. भिजविलेल्या फडक्यांत किंवा केळीच्या पानांत गुंडाळून ठेवलीं तर रात्रीपर्यंत वास राहतो. देवाचें, वेणीचें व शेजारचें झाल्यावर उरलेलीं फुलें कांचेच्या बाटलींत स्वच्छ पाणी व चिमूटभर तुरटी घालून, तोंडापर्यंत पाणी भरून बंद करण्याची जुनी चाल आहे. वास जातो, पण फूल आपल्या रंगासकट पुष्कळ दिवस पाण्यांत तरंगत राहतें. थोरल्यांच्या घरीं देव्हाऱ्याशेजारीं अशी एक बाटली आहे, आणि तिच्यांतील फूल कोणत्या भावाकडच्या झाडाचें यावरून नातवंडांची अजून भांडणें होतात.